शरणपूर, केंदळ, दरेवाडी : मिशनकार्यातील भागीदारीची तीन पाने

देवळा हे नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील गाव कळवण, सटाणा, मालेगाव आणि चांदवड यांच्या मधोमध वसलेले आहे. कांद्याचा आणि डाळिंबाचा हा मुलूख. नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेली मोजकीच कॅथलिक कुटुंबे या परिसरात आहेत. ती कोणाच्या तरी घरी जमतात, ओसरीवर मेज मांडले जाते आणि पवित्र मिस्सा अर्पण होते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मिस्सेनंतर चहा घेत असताना एका शिक्षक गृहस्थांनी मला विचारले, "फादर, परदेशातून येणारी मदत उद्या पूर्ण थांबली, तर आपले मिशन चालेल का?"

प्रश्न साधा होता, पण घरातील सर्वांचे बोलणे एकदम थांबले. यजमानीणबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. मी काहीतरी उत्तर दिले, परंतु ते माझे मलाच पटले नाही. परतीच्या वाटेवर मनात आले की हा प्रश्न नवा नाही. आपल्या नाशिक-नगरच्या मातीत तो यापूर्वी निदान दोन वेळा विचारला गेला आहे आणि दोन्ही वेळा इतिहासानेच त्याचे उत्तर दिले आहे. ते उत्तर वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिशनकार्य एकट्याने होत नाही, हे ख्रिस्तसभेला आरंभापासून ठाऊक आहे. संत पौल फिलिप्पैकरांस पत्र लिहितो, तेव्हा देण्याघेण्याच्या व्यवहारात आपल्याशी सहभागी झालेल्या त्या मंडळीचे तो कृतज्ञतेने स्मरण करतो. यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांतून त्याने वर्गणी गोळा केली. ती पोहोचवताना, या पैशाविषयी कोणाला बोट ठेवण्यास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे त्याने सोबत घेतली. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. देणारा, घेणारा आणि हिशेब पाहणारा असे तिघेही त्या व्यवहारात होते. पुढील इतिहास वाचताना हे तिघे कोठे होते आणि कोठे नव्हते, एवढेच पाहत जावे.

शरणपूर

नाशिक शहरातील शरणपूर रोड सर्वांच्या परिचयाचा आहे. हे नाव कोठून आले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८३२ साली नाशिकमध्ये काम सुरू केले. पुढे मालेगावपर्यंत तिचा विस्तार झाला. १८५०च्या दशकाच्या मध्यास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली, तेच शरणपूर. तेथे शाळा होती आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवणारी कार्यशाळाही होती.

याच शरणपुरात आफ्रिकी मुले आणली गेली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतून सोडवलेल्या मुलांना मुंबईस उतरवत असे. त्यांपैकी अनेकांची रवानगी नाशिकला झाली. गोदावरीच्या काठी ही मुले लिहायला-वाचायला शिकली, हातात हातोडा आणि करवत धरायला शिकली. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ साली नाशिकला येऊन गेले आणि येथील काही तरुणांना त्यांनी आपल्या आफ्रिकेतील प्रवासासाठी सोबत नेले. १८७२ साली आणखी काही जण त्यांच्याकडे पाठवण्यात आले. त्या दुसऱ्या तुकडीत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात निवर्तले, तेव्हा जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले. सोबतच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी तो देह अनेक महिन्यांची पायपीट करून किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी उभा होता.

एका दृष्टीने पाहता मिशनकार्यातील सहकार्याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण. आरमार, मुंबई सरकार, मिशन संस्था, नाशिकचे शिक्षक आणि पूर्व आफ्रिकेतील मिशन अशी ही साखळी होती. पण तिचे निर्णय कोठे होत होते? १८७४ साली प्राइस यांना आफ्रिकेत पाठवण्यात आले. १८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला देण्यात आले. नाशिकचे आफ्रिकी तरुण तिकडे गेले आणि शरणपुरातील आफ्रिकी आश्रयस्थान इतिहासजमा झाले. मुलांना कोणी विचारून आणले नव्हते आणि तरुणांना कोणी विचारून नेले असेल, असेही वाटत नाही. साखळीचे एक टोक हलले आणि दुसरे आपोआप सुटले.

तरीही काहीतरी उरले. नाशिकला घडलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली आणि मोंबासा-रबाई परिसरातील मंडळीचे ते आधारस्तंभ झाले. वसतिगृह गेले, पण त्यात तयार झालेली माणसे टिकली. इतिहासाने दिलेले हे पहिले उत्तर.

केंदळ

दुसरे पान आपल्या कॅथलिक घराण्यांच्या अधिक जवळचे आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर जर्मन येशूसंघीय फादर ओटो वाइसहाउप्ट अहमदनगर जिल्ह्यात आले. वळण आणि केंदळ ही राहुरी परिसरातील गावे या कामाची पहिली केंद्रे ठरली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, शतकानुशतके माणूसपण नाकारल्या गेलेल्या महार-मांग समाजातील कुटुंबांनी या मिशनचे स्वागत केले. आज नाशिक, पुणे, मुंबई येथे पसरलेल्या कितीतरी मराठी कॅथलिक घराण्यांचे मूळ या वस्त्यांत सापडते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते आणि अँग्लिकन मिशनही होते. कॅथलिक धर्मगुरू आले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी सहकार्याऐवजी चढाओढ झाली. भाऊ एका देवळात आणि चुलतभाऊ दुसऱ्या देवळात, अशी स्थिती झाली. त्या मतभेदांच्या कडवट आठवणी आपल्या आजोबा-आजींनी ऐकवल्या आहेत. जाळे विणायचे तर शेजाऱ्याचा दोराही लागतो, हे त्या काळी आपल्याला उमगले नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर ही दृष्टी हळूहळू बदलली.

केंदळच्या मिशनने दोन गोष्टी मात्र दूरदृष्टीने केल्या. पहिली म्हणजे गावोगावी नेमलेले मास्तर. दिवसा शाळा शिकवायची, सायंकाळी प्रार्थना घ्यायची, आजाऱ्याला भेटायचे, मुलांचा धर्मोपदेश घ्यायचा आणि धर्मगुरू महिन्या-दोन महिन्यांनी येतील तोवर मंडळी सांभाळायची, ही सारी कामे मास्तरांची असत. दुसरी गोष्ट म्हणजे 'निरोप्या'. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळ येथून हे मराठी मासिक सुरू केले. वस्त्यावस्त्यांत विखुरलेल्या लोकांना एकमेकांची खबर मिळावी, एका गावच्या सणाची वार्ता दुसऱ्या गावी वाचली जावी, ही केवढी मोठी जोडणी होती! रस्ते नव्हते, तेथे शब्द पोहोचला.

डोरिंग १९०७ साली पुण्याचे महागुरू झाले. आणि मग १९१४ साल उजाडले. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक हे ब्रिटिश सरकारचे शत्रू ठरले. जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करण्यात आले, आणि दैवदुर्विलास असा की स्थानबद्धांची मोठी छावणी अहमदनगरलाच होती. ज्या जिल्ह्यात त्यांनी सुवार्ता सांगितली, त्याच जिल्ह्यात तारेच्या कुंपणाआड त्यांना दिवस काढावे लागले. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' या जहाजातून जर्मन मिशनरींना मायदेशी धाडण्यात आले. मुंबई-पुण्याच्या मिशनचा कणाच जणू काढून घेतला गेला. युरोपातून येणारी माणसे थांबली आणि पैसाही थांबला. देवळ्याच्या ओसरीवर विचारलेला प्रश्न तेव्हा प्रत्यक्षात उतरला होता.

मिशन बंद पडले का? नाही. जर्मन नसलेले थोडे येशूसंघीय आणि देशी धर्मगुरू ठिकठिकाणी धावून गेले. पण एका धर्मगुरूच्या वाट्याला इतकी गावे आली की वर्षातून काही वेळाच भेट शक्य होती. मधल्या काळात देवळातील घंटा कोणी वाजवली? मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना कोणी म्हटली? मुलांना 'आमच्या बापा' कोणी शिकवले? मास्तरांनी आणि घराघरातील मातांनी. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. परंतु आपण आज ख्रिस्ती आहोत, याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात त्यांचे आहे.

युद्धानंतर जाळे पुन्हा विणले गेले. १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबईचे मिशन स्पेनमधील आरागॉन प्रांताच्या येशूसंघीयांकडे सोपवण्यात आले. पुढे स्विस येशूसंघीय पुणे धर्मप्रांतात आले. मधली काही वर्षे जपानमध्ये हिरोशिमाची जबाबदारी सांभाळणारे डोरिंग १९२७ साली पुण्यास परतले आणि १९४८ पर्यंत त्यांनी धर्मप्रांताची धुरा वाहिली. त्यांच्यानंतर १९४९ साली अँड्र्यू डिसोझा यांच्या रूपाने पुण्याला पहिले भारतीय महागुरू लाभले. जर्मनी, स्पेन, स्वित्झर्लंड, गोवा आणि नगर जिल्ह्यातील मास्तर अशी ही भागीदारी. परदेशी टोके बदलत राहिली. गावातील टोक मात्र एकाच जागी घट्ट बांधलेले होते, म्हणून जाळे फाटले नाही.

माझ्या इंजिनाची गोष्ट

दरेवाडीकडे जाण्यापूर्वी एक कबुली देतो. मी नुकताच दीक्षित होऊन एका दुष्काळी भागातील मिशनमध्ये रुजू झालो होतो. विहिरीला पाणी होते, पण ते उपसण्याचे साधन नव्हते. मी एका परदेशी हितचिंतकाला पत्र लिहिले, पैसे आले आणि मी स्वतः शहरात जाऊन डिझेल इंजिन विकत आणले. त्या दिवशी वस्तीवर पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी माझी बदली झाली. पुढे काही वर्षांनी त्या वाटेने जाणे झाले. इंजिन गंजून पडलेले होते. मी विचारले, "काय झाले?" एक आजीबाई सहज म्हणाल्या, "फादरचं इंजिन व्हय? ते फादर गेले तव्हाच बंद पडलं."

आजीबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. 'फादरचं इंजिन' हे त्या वस्तूचे नावच होते. ते वस्तीचे इंजिन कधी झालेच नाही. देणारा होता, घेणारा होता. पण डिझेलचा हिशेब कोणी ठेवायचा, बिघाड झाल्यास वर्गणी कोणी काढायची, हे मी कोणाला विचारलेच नव्हते. दोष त्या लोकांचा नव्हता, माझा होता.

दरेवाडी

मला जे सुचले नाही, ते एका स्विस येशूसंघीयाला फार पूर्वी सुचले होते. फादर हर्मन बाखर यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अहमदनगर येथे सोशल सेंटर उभे केले. १९७२च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला, तेव्हा विहिरी, पाझर तलाव, कामाच्या मोबदल्यात धान्य अशा मार्गांनी त्यांनी लोकांना साथ दिली. पण अनुभवाने त्यांना कळले की एकेका विहिरीने दुष्काळ हटत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा विचार करावा लागतो. आणि पाणलोटात तर साऱ्यांची जमीन येते. वरच्याने बांध घातला नाही, तर खालच्याची विहीर भरत नाही. म्हणजे सारे गाव एकत्र येणे ही येथे पहिली अटच ठरते.

याच विचारातून १९९०च्या दशकाच्या आरंभी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. जर्मन सरकारच्या वतीने केएफडब्ल्यू ही बँक आणि जीटीझेड ही तांत्रिक संस्था, भारताच्या बाजूने नाबार्ड, मध्ये स्थानिक सेवाभावी संस्था आणि पायाशी ग्रामसभेने निवडलेली गाव पाणलोट समिती, अशी त्याची रचना होती. संस्थांना आणि गावांना प्रशिक्षण देण्यासाठी फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली.

या रचनेतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची. प्रथम लहानशा क्षेत्रावर काम करून शिकायचे, मगच मोठा निधी मिळायचा. पैसा गाव समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात यायचा. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ती गावाच्या स्वतःच्या ठरावाने. पौलाच्या वर्गणीतील ते तिघे, म्हणजे देणारा, घेणारा आणि हिशेब पाहणारा, येथे पुन्हा एकत्र आलेले दिसतात. आणि हिशेब पाहणारा या वेळी गावातीलच होता.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कार्यक्रमाचे बहुचर्चित गाव. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या या गावात १९९६ पासून पाच वर्षे काम झाले. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, झाडे लावली, नाल्यांवर बांध पडले. विहिरींची पातळी वाढली आणि कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना गावातच काम मिळू लागले. पण सारेच गोड झाले असे नाही. चराईबंदीचा फटका मेंढपाळांना बसला. सरपण आणि चारा आणणाऱ्या बायांना अधिक लांब जावे लागले. ज्याला शेत आहे त्याला पाणी लाभले. भूमिहीनाचे काय, हा प्रश्न उरला. भागीदारी करताना ज्यांच्याजवळ पणाला लावण्यास काहीच नाही, त्यांची खुर्ची रिकामी राहते. ती कोणीतरी आठवणीने मांडावी लागते आणि ख्रिस्ती माणसाचे काम नेमके तेथेच सुरू होते.

या कार्यक्रमाची सर्वांत मोठी फलश्रुती मला दुसरीच वाटते. १९९९-२०००च्या अर्थसंकल्पात भारत सरकारने नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधीची घोषणा केली. निम्मा वाटा केंद्र सरकारचा, निम्मा नाबार्डचा, असा तो २०० कोटी रुपयांचा निधी होता. परदेशी मदतीने सुरू झालेली पद्धत देशाच्या स्वतःच्या पैशाने पुढे चालू लागली. मदत देणाऱ्याने निघून जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून केली, तर काम मागे राहते.

आजचा प्रश्न

आता देवळ्याच्या प्रश्नाकडे येऊ. परदेशी निधीसंबंधीचा कायदा आपल्या देशात १९७६ पासून आहे. २०१० साली तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने त्यात महत्त्वाचे बदल झाले. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. निधी प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच स्वीकारावा लागतो. एका मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि खेड्यातील लहान संस्थांना वाटायचा, ही कित्येक वर्षांची जोडणी त्यामुळे थांबली. कायदा पाळलाच पाहिजे. पण खेड्यातील लहान वसतिगृहाची, शिवणवर्गाची, दवाखान्याची चिंता करणाऱ्यांना १९१४ ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

१५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि थॉमस भालेराव हे मराठी मातीतील येशूसंघीय त्याचे पहिले महागुरू झाले. तेव्हा आपण आनंदाने म्हटले की आता घर आपले आहे. घर आपले झाले, तर छपराची डागडुजीही आपली. आपल्याकडे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दरवर्षी लाखो माणसे लोटतात, लग्नात मांडव डोळे दिपवतात. त्याच कुटुंबांतून एका गरीब मुलाच्या वसतिगृहाचा खर्च उचलला जाणार नाही, असे कसे म्हणावे? आपण दरिद्री नाही. आपल्याला घेण्याची सवय जडली आहे.

देवळा, कळवण, बागलाण या भागात गिरणा, मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, ते सारे मिळून ठरवतात. पाणी सोडायला पाटकरी आणि राखण करायला जागल्या असतो. पावसाळ्याआधी पाटाचा गाळ काढायला सर्वांनी उतरायचे. कित्येक शतकांपूर्वी, कोणत्याही देणगीदाराविना, निरक्षर म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी ही व्यवस्था उभी केली. पुष्कळ ठिकाणी ती आता मोडकळीस आली आहे, हेही खरे. धरणाचा कालवा आला, पाणी 'सरकारचे' झाले आणि पाटातला गाळ काढायला कोणी उतरेनासे झाले. माझ्या इंजिनाचीच ही थोरली आवृत्ती!

त्या शिक्षक गृहस्थांना मी नंतर पुन्हा भेटलो आणि माझे पहिले उत्तर मागे घेतले. म्हणालो, "मिशन चालेल की नाही, हे जर्मनीला विचारून कळणार नाही. आपल्या या ओसरीवर हिशेबाची वही कोण ठेवणार, ते आधी ठरवू या." ते हसले. पुढच्या महिन्यात मिस्सेसाठी गेलो, तेव्हा मेजावर मेणबत्तीशेजारी एक दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर सर्व कुटुंबांची नावे होती. त्यापुढे वर्गणीच्या रकमा होत्या, कोणाच्या पन्नास, कोणाच्या पाचशे. एका विधवा भगिनीच्या नावापुढे रक्कम नव्हती, तेथे लिहिले होते, "दर शनिवारी मुलांची शिकवणी." वही त्यांनी माझ्या सहीसाठी पुढे केली. सही माझी नको, तुमच्यापैकी दोघांची असू द्या, असे मी म्हटले आणि मिस्सेला आरंभ केला.